फिलिपिन्सच्या जुन्या सरदार घराण्यांच्या वंशावळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश येण्याआधी फिलिपिन्समध्ये ज्यांची सत्ता होती त्या घराण्यांचे कागद कुठे सापडतात, ते वाचायचे कसे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'राजघराण्यां'च्या वंशवृक्षांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वाचण्याआधी एक लक्षात असू द्या. या दफ्तरांतली जवळजवळ प्रत्येक वंशावळ कोणाला तरी काहीतरी हवं होतं म्हणून कागदावर आली. कोणाला करमाफी हवी होती, कोणाला पद, कोणाला जमीन. आपल्याकडे वतनाच्या तंट्यातले करीने आणि महजर ज्यांनी वाचलेत, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. तेव्हा नावं उतरवून घेण्याआधी अर्जदाराची मागणी वाचा.

'सरदार घराणी' म्हणजे नेमकी कोणती? फिलिपिन्सचा एखादा राजा होता का?

साऱ्या बेटांचा मिळून एक राजा कधीच नव्हता. सत्तेचं मूळ एकक म्हणजे बारांगाय, आणि त्याचा प्रमुख दातू. हुआन दे प्लासेंसिया या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १५८९ मध्ये तागालोग लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका बारांगायात कधी शंभरापर्यंत घरं असत, तर कधी तीसही नसत. म्हणजे बरेचसे 'राजे' आपल्याकडच्या एखाद्या गावच्या पाटलाएवढे.

तागालोग भागात या वरच्या वर्गाला मागिनोओ म्हणत, विसाया बेटांवर तुमाओ. त्यांच्याखाली तिमावा, आणि सगळ्यात खाली अलिपिन किंवा ओरिपुन, म्हणजे कर्जामुळे, युद्धामुळे किंवा जन्माने बांधले गेलेले लोक. काही ठिकाणची सत्ता याहून मोठी होती: मायनिलाचे (आजच्या मनिलाचे) राजा मातांदा आणि राजा सुलायमान, शेजारच्या तोंदोचा लाकानदुला, सेबूचा हुमाबोन आणि त्याच्यानंतरचा तुपास, शिवाय दक्षिणेला सुलू आणि मगिंदानाव इथल्या सल्तनती. आज वंशावळीचे दावे होतात ते बहुतेक याच नावांवरून.

'महार्लिका' म्हणजे राजघराणंच ना?

नाही. प्लासेंसियाच्या वर्णनात महार्लिका हे स्वतंत्र जन्मलेले लोक आहेत. ते दातूला कर देत नाहीत, पण स्वखर्चाने त्याच्यासोबत लढाईला जातात. त्यांचा दर्जा मागिनोओंच्या खालचा. शब्दाला आलेली 'राजेशाही' झळाळी विसाव्या शतकातली, आणि त्यात माजी राष्ट्राध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस यांच्या राजकारणाचा हात मोठा आहे.

स्पॅनिश येण्याआधी लिहिलेली एखादी वंशावळ उपलब्ध आहे का?

पिढ्यांची यादी अशी एकही नाही. मात्र घराण्याची नावं असलेला एक लेख आहे, आणि मराठी वाचकाने तो डोळ्याखालून घालावाच.

१९८९ मध्ये मनिलाजवळच्या लागुना प्रांतात लुम्बान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एक ताम्रपट सापडला. साधारण २० बाय ३० सेंटिमीटरचा, काळवंडलेला पत्रा. तो पुढे मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने विकत घेतला आणि आंतून पोस्तमा या डच अभ्यासकाने वाचला. लिपी कावी (जावातली जुनी लिपी) आणि भाषा मुख्यतः जुनी मलय, तरी सुरुवात अशी की पुण्यातल्या पंचांगकर्त्यालाही परकं वाटू नये: स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इंग्रजी तारीख काढली तर २१ एप्रिल ९००.

मजकूर कर्जमुक्तीचा आहे. नामवरान नावाच्या प्रतिष्ठित माणसावर १ काती ८ सुवर्ण (ही त्या काळची वजनं) इतकं सोन्याचं कर्ज होतं. ते फिटलं, असं 'विशुद्धपत्र' तोंदोच्या सेनापतीच्या वतीने पाइलाचा प्रमुख जयदेव याने दिलं. ते मिळालं कोणाला, तर आंगकातान या बाईला आणि बुकाह या तिच्या भावाला. ही दोघं नामवरानची मुलं. पुढे काही प्रमुखांची नावं साक्षीदारासारखी येतात, आणि उद्या कोणी उठून 'कर्ज फिटलेलंच नाही' असं म्हणू लागला तर, एवढं लिहून वाक्य मध्येच तुटतं.

वंशाच्या अभ्यासकाला यात काय मिळतं? एक बाप, दोन मुलं आणि एक कारण. कर्ज फिटलं नाही तर बंधन पुढच्या पिढीवर येई, म्हणून मुलांची नावं घालावी लागली. या देशातला तारीख असलेला हा सगळ्यात जुना लेख, आणि त्यातही नातं नोंदलं गेलं ते देण्याघेण्यापायी. ताम्रपट शास्त्रीय उत्खननात सापडलेला नाही, एवढी सावधगिरी मात्र बाळगायला हवी.

बायबायिन ही तिथली जुनी लिपी होती, मग वंशावळी का लिहिल्या नाहीत?

लिपी घरोघरी होती. १६०४ मध्ये पेद्रो चिरिनो हा स्पॅनिश पाद्री लिहितो की जवळजवळ सगळ्या पुरुषांना आणि बायकांना लिहिता-वाचता येतं. पण लिहायचं ते बांबूवर आणि पानांवर, रोजच्या निरोपांसाठी. दमट हवेत ते टिकणार किती दिवस! पूर्वजांची नावं गाण्यांत आणि विधींत असत. लुझोन या उत्तरेकडच्या बेटाच्या डोंगराळ भागातल्या इफुगाओ लोकांत आजही विधीच्या वेळी पूर्वजांना नावानिशी आवाहन करतात.

बायबायिनमधले दोन जमीनविक्रीचे कागद मात्र मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात सुखरूप आहेत. ते १६१३ आणि १६२५ चे असून जमिनी तोंदो भागातल्या आहेत. व्यवहार करणाऱ्यांत 'दोन्या' म्हणवून घेणाऱ्या सरदार घराण्यांतल्या बायका आहेत आणि जमीन त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. २०१४ मध्ये या कागदांना राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. स्पॅनिश राजवट येऊन अर्धशतक लोटल्यावरही ही घराणी आपले व्यवहार आपल्या लिपीत करत होती, हे यावरून कळतं.

मग नावानिशी नाती कुठून सापडू लागतात?

१५२१ मध्ये मॅगेलनबरोबर आलेल्या आंतोनियो पिगाफेत्ताने सेबूच्या हुमाबोनची, मक्तानच्या लापुलापूची आणि बुतुआनकडच्या राजाची नावं टिपली. त्याच मोहिमेतल्या लोकांनी बोर्नियोजवळ लुझोनच्या राजाचा मुलगा पकडला होता. पुढे राजा मातांदा म्हणून ओळखला गेला तो हाच, असं बहुतेक इतिहासकार मानतात. १५६५ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी आला, १५६८ मध्ये तुपासने बाप्तिस्मा घेतला, १५७१ मध्ये मनिला स्पॅनिशांच्या हाती गेली, आणि कागद वाढत गेले. मिगेल दे लोआर्काचा १५८२ चा वृत्तान्त, १५९० च्या सुमाराची सचित्र 'बॉक्सर' पोथी, आंतोनियो दे मोर्गाचा १६०९ चा ग्रंथ ही पुढची साधनं. या सगळ्यांत समाजरचना उत्तम कळते, नाती मात्र तुटक.

नात्यांची खरी खाण म्हणजे एक फौजदारी खटला. १५८७-८८ मध्ये तोंदो आणि आसपासच्या प्रमुखांनी ब्रुनेईची आणि एका जपानी कप्तानाची मदत घेऊन स्पॅनिशांना हाकलायचा बेत केला. बेत फुटला. गव्हर्नर सांतियागो दे वेरा याने पाठवलेल्या अहवालात आरोपींची यादी आहे, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणाचा कोण हेही आहे, कारण सरकारला सोयरिकीचं जाळं उघडं करायचं होतं. मागात सालामात हा लाकानदुलाचा मुलगा. हुआन बानाल त्याचा मेहुणा. आगुस्तीन दे लेगास्पी (हा इथलाच प्रमुख, स्पॅनिश लेगास्पी वेगळा) हा लग्नाने ब्रुनेईच्या राजघराण्याशी जोडलेला, आणि जेरोनिमो बासी व गाब्रिएल तुआम्बाकार हे त्याचे भाऊ. पोलोचा प्रमुख फेलिपे सालोंगा, कांदाबाचा प्रमुख दियोनिसियो कापोलोंग त्याचा भाऊ. फेलिपे सालालिला, त्याचा मुलगा आगुस्तीन मानुगित.

याच यादीत लुईस आमानिकालाओ आणि त्याचा मुलगा कालाओ आहेत. नाव सुटं करून पाहा: आमा नी कालाओ, म्हणजे कालाओचा बाप. मूल झालं की बापाला मुलाच्या नावाने ओळखायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे एकच माणूस तरुणपणी एका नावाने आणि पुढे दुसऱ्याच नावाने भेटतो. अशी नावं दोन माणसं समजून झाडावर टांगणारे बरेच आहेत.

आगुस्तीन आणि तोंदोचा मार्तिन पांगा यांना फाशी झाली, मुंडकी पिंजऱ्यात ठेवली गेली, घरं पाडून जागेवर मीठ पेरलं. काहींना मेक्सिकोत हद्दपार केलं. एका खटल्यात तोंदोच्या वरच्या फळीतली एक पिढी संपली, आणि आपल्याला तिची नाती कळतात ती त्याच खटल्यामुळे.

'लाकानदुला दस्तऐवज' म्हणून जे सांगितलं जातं ते काय आहे?

मनिलाच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात डॉन कार्लोस लाकानदुलाच्या (म्हणजे तोंदोच्या त्याच लाकानदुलाच्या) वंशजांच्या नावाने कागदांचा एक गठ्ठा आहे. त्यात अर्ज आहेत, वंशावळी आहेत, साक्षी आहेत, सरकारी शेरे आहेत. बहुतेक कागद अठराव्या शतकातले आणि त्यानंतरचे. मूळ पुरुष सोळाव्या शतकातला, म्हणजे मधे दोनशे वर्षांचं अंतर.

हा खटाटोप कशासाठी? लाकानदुलाने लेगास्पीशी समेट केला होता, आणि त्याच्या वंशजांना खंडणी व वेठबिगारी माफ होती. खंडणी वर्षाला आठ रेआल (स्पॅनिश चांदीची नाणी) होती, पुढे दहा झाली. त्याहून जाच होता तो सक्तीच्या मजुरीचा: जंगलात लाकूडतोड, गोदीत जहाजबांधणी. त्यातून सुटका मिळत असेल तर आजोबाचं नाव शोधायला कोण आळस करेल! अर्जांची संख्या वाढत गेली, आणि अधिकाऱ्यांचा संशयही.

या घराण्यांचा कागदोपत्री माग लुसियानो सांतियागो यांनी काढला. ते पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. लाकानदुला, मातांदा आणि सोलिमान (म्हणजे सुलायमान) या तिन्ही घराण्यांवर १५७१ ते १८९८ या काळाचा त्यांचा शोधनिबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयात शिरणाऱ्याने आधी तो वाचावा आणि मग गठ्ठ्याकडे वळावं.

स्पॅनिश राजवटीत या घराण्यांचं काय झालं?

ती 'प्रिन्सिपालिया' या नावाने टिकून राहिली. स्पेनचा राजा फिलिप दुसरा याने ११ जून १५९४ रोजी हुकूम काढला की फिलिपिन्समधल्या जुन्या प्रमुखांना चांगलं वागवावं आणि त्यांचा पूर्वीचा कारभार त्यांच्याकडेच सोपवावा. हा हुकूम पुढे १६८० च्या इंडीजच्या, म्हणजे स्पेनच्या वसाहतींच्या, कायदेसंग्रहात सहाव्या भागात समाविष्ट झाला. दातूचा झाला काबेसा दे बारांगाय. आपल्या चाळीस-पन्नास कुटुंबांची खंडणी गोळा करून भरायची, ही त्याची जबाबदारी. त्याच्यावर गोबेर्नादोर्सिल्यो, म्हणजे साऱ्या गावचा प्रमुख. नावाआधी 'डॉन', बायकोच्या नावाआधी 'दोन्या'.

घोळ होतो तो इथेच. सुरुवातीला काबेसाचं पद वंशपरंपरेने चालत होतं, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते निवडीने भरू लागले. खंडणी कमी पडली तर काबेसाने पदरची भरायची, म्हणून काही जुनी घराणी पद टाळू लागली आणि पैसेवाले नवे लोक आत आले, चिनी मेस्तिसोंसकट, म्हणजे चिनी आणि स्थानिक अशा मिश्र वंशाच्या लोकांसकट. त्यामुळे १८४० च्या नोंदीत पणजोबांच्या नावाआधी 'डॉन' दिसलं म्हणून वंश थेट दातूपर्यंत जातो असं धरू नका. तो 'डॉन' पदाचा असू शकतो.

राष्ट्रीय दफ्तरखान्यात नेमकं काय मागायचं?

मनिलाच्या या दफ्तरखान्यात स्पॅनिश काळातली सुमारे १ कोटी ३० लाख हस्तलिखितं आहेत. १८९८ च्या पॅरिस तहाप्रमाणे ती अमेरिकनांकडे आली आणि देशातच राहिली. 'सरदार घराणी' अशा नावाचा विभाग तिथे शोधू नका. पुढच्या मालिका मागा.

'एलेक्सियोनेस दे गोबेर्नादोर्सिल्योस', म्हणजे गावच्या निवडणुकांचे कागद. माझ्या मते सगळ्यात कामाचे हेच. मतदार म्हणजे मावळता गोबेर्नादोर्सिल्यो आणि गावातले बारा प्रिन्सिपाल (प्रिन्सिपालियातले लोक), त्यामुळे गावची वरची फळी नावानिशी समोर येते. सोबत उमेदवाराने आधी भूषवलेली पदं असतात आणि पुष्कळदा पाद्र्याचं मतही. सलग काही दशकांचे कागद लावले की कोणत्या दोन-तीन घरांत पद फिरत राहिलं ते उघड दिसतं. यात 'कापितान पासादो' असं लिहिलेलं आढळलं तर तो माजी गोबेर्नादोर्सिल्यो समजा.

'वेसिंदारियोस' ही बारांगायवार रहिवाशांची यादी, बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. 'प्रोतोकोलोस' म्हणजे नोटरीचे दस्त: मृत्युपत्रं, गहाणखतं, खरेदीखतं. जमिनीच्या मालकीची 'तितुलोस दे तेरेनोस' आणि नवीन गाव वसवतानाची 'एरेक्सियोन दे पुएब्लोस' याही चाळून बघाव्यात. नवं गाव मागणारे अर्जदार आपल्या घराण्याची महती सांगताना हात आखडता घेत नाहीत.

आणि सेव्हिलमध्ये?

स्पेनमधल्या सेव्हिलच्या इंडीज दफ्तरखान्यात 'फिलिपिनास' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. सोळाव्या-सतराव्या शतकासाठी मनिलापेक्षा तोच भक्कम. 'मेरितोस इ सेर्विसियोस' प्रकारचे कागद तिथे पाहावेत: आम्ही राजाची अशी अशी सेवा केली, तेव्हा आम्हाला अमुक द्या. आरायातचा प्रमुख हुआन मकापगल हा लाकानदुलाचा वंशज. १६६०-६१ च्या पांपांगा आणि पांगासिनानच्या उठावांत तो स्पॅनिशांच्या बाजूने राहिला आणि त्याबद्दल त्याला इनाम मिळालं. माजी राष्ट्राध्यक्ष दियोसदादो मकापगल यांचं घराणं आपला वंश याच हुआनपासून सांगत आलं आहे. या विभागातले पुष्कळ कागद 'पारेस' या स्पेनच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या फुकट पाहता येतात.

चर्चच्या वह्यांचा किती उपयोग?

फार. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वेगवेगळ्या वह्या असत. बाप्तिस्म्याची नोंद साधारण अशी: तारीख, पाद्र्याचं नाव, इतक्या दिवसांचं बाळ, आईबापांची नावं, ते 'डॉन अमक्याच्या बारांगायातले', आणि शेवटी धर्मपिता किंवा धर्ममाता. नवशिके बाळाचं आणि आईबापांचं नाव उतरवून पान उलटतात. घाई करू नका. बारांगाय कोणाचं आणि धर्मपिता कोण, यावरून कुटुंबाची पत कळते. बाप स्वतःच काबेसा असेल तर 'काबेसा आक्तुआल' (सध्याचा) किंवा 'काबेसा पासादो' (माजी) असं लिहिलेलं असतं.

वह्यांचे शत्रू अनेक: वाळवी, पूर, आग, आणि १९४५ ची मनिलाची लढाई. त्या लढाईत तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातलं सान आगुस्तीन चर्च तेवढं धड उभं राहिलं. मनिलापेक्षा आडगावच्या चर्चमध्ये जुन्या वह्या मिळायची शक्यता त्यामुळे जास्त. अनेक वह्यांच्या मायक्रोफिल्म प्रती 'फॅमिलीसर्च' या वंशावळींच्या संकेतस्थळावर आहेत, खातं फुकट उघडता येतं.

१८४९ च्या आधी गेलं की माग तुटतो असं का म्हणतात?

२१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर नार्सिसो क्लावेरियाने आडनावांचा हुकूम काढला म्हणून. त्याआधी ठरलेलं आडनाव बहुतेकांना नव्हतंच. जो तो दे ला क्रूझ नाहीतर दे लोस सांतोस, आणि सख्ख्या भावांची नावंही जुळत नसत. कर आणि गुन्हे यांचा हिशेब लागेना, म्हणून आडनावांचा छापील कोश गावोगाव पाठवून वाटप करण्यात आलं. काही गावांत तर सगळी आडनावं एकाच अक्षरावरून सुरू होतात.

चार पिढ्या एकच आडनाव चालवल्याचं दाखवता आलं तर ते ठेवायची मुभा होती. जुन्या घराण्यांपैकी काहींची नावं तशीच राहिली ती या मुभेमुळे. पुष्कळांची बदललीही. १८४९ ची भिंत ओलांडायची तर आडनाव सोडून द्या आणि पहिलं नाव, बारांगाय, नवरा-बायकोची जोडी आणि धर्मपिता यांच्या आधारे मागे जा.

आडनाव लाकानदुला, सोलिमान, गातमायतान किंवा सालोंगा असेल तर घराणं सरदारांचंच का?

शक्यता वाढते, सिद्ध काही होत नाही. 'गात' आणि 'लाकान' या मानाच्या पदव्या होत्या हे खरं. पण सरदाराचं नाव त्याच्या पदरच्या माणसांनी घेतल्याचीही उदाहरणं असतात. आडनाव हा धागा समजा आणि निवडणुकीचे कागद काढा.

वंश बापाकडून मोजायचा ना?

इथे मराठी माणूस हमखास फसतो. आपलं कूळ, आडनाव, सगळं बापाकडून. तागालोग आणि विसाया समाजात नातं दोन्हीकडून मोजत. वारसा मुलींनाही मिळे. प्लासेंसियाने तर आईबाप वेगवेगळ्या वर्गांतले असतील तर मुलांची वाटणी कशी व्हायची हे नोंदवलंय: पहिलं मूल बापाच्या वर्गात, दुसरं आईच्या, असं आलटूनपालटून. विसायात चारही आजी-आजोबा दातू घराण्यातले असलेल्या माणसासाठी मानाचं वेगळं नाव होतं. म्हणून झाड काढताना आईची बाजू निम्म्या कागदावर हवी. नुसत्या पुरुषांची सरळ रेघ असलेली वंशावळ दिसली तर ती स्पॅनिश कचेरीसाठी बेतलेली असण्याचा संभव धरून चाला.

दक्षिणेकडच्या मुस्लिम घराण्यांचं काय?

त्यांची तऱ्हा निराळी. सुलू, मगिंदानाव आणि मारानाव घराण्यांत 'तार्सिला' किंवा 'साल्सिला' म्हणून लिखित वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. लिपी जावी, म्हणजे मलय भाषेसाठी वापरली जाणारी अरबी. नजीब सलीबी या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या डॉक्टरने अमेरिकन अमलात या घराण्यांचा विश्वास मिळवून प्रती जमवल्या आणि १९०५ मध्ये मनिलाला त्यांची भाषांतरं छापली. पुढे सेसार आदिब माहूल यांनी त्यांच्या आधारे सुलतानांचा कालक्रम लावला.

मगिंदानावची तार्सिला शरीफ काबुंगसुवानपासून सुरू होते. तो जोहोरहून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. त्याचा वंश पैगंबरांपर्यंत नेलेला आहे, आणि त्याची एक बायको पुत्री तुनिना बांबूच्या पेरातून निघाली असं सांगितलं आहे. दोन्ही गोष्टी हेतूने आल्यात. पहिल्याने राज्य करायचा धार्मिक अधिकार मिळतो. दुसरी बाहेरून आलेल्याला इथल्या मातीशी जोडते. ताबुनावाय या मूळच्या प्रमुखाचं नावही तार्सिला आदराने घेते, कारण त्याच्या वंशजांचे खास मान पुढे चालायचे होते. बांबूपाशी हसून पान मिटणाऱ्याच्या हातून त्यानंतरच्या पिढ्या निसटतात, आणि त्या डच व स्पॅनिश कागदांशी ताडून पाहता येतात. सुलतान कुदारात हा त्यांतलाच.

या वंशावळींचा आज व्यवहारात काही संबंध उरलाय का?

सुलूच्या बाबतीत उरलाय. १८७८ मध्ये सुलूच्या सुलतानाने उत्तर बोर्नियोचा (आज मलेशियात असलेल्या साबाचा) प्रदेश वार्षिक रकमेच्या बदल्यात दिला. तो भाड्याने दिला की कायमचा, हा वाद अजून मिटलेला नाही. १९३६ मध्ये सुलतान जमालुल किराम दुसरा निपुत्रिक वारला आणि रक्कम कोणाला द्यायची हा प्रश्न आला. १९३९ मध्ये उत्तर बोर्नियोच्या न्यायालयात मुख्य न्यायाधीश मॅकास्की यांनी नऊ वारस ठरवले, त्यांत सुलतानाची पुतणी दायांग दायांग हाजी पियांदाव प्रमुख. मलेशियाने ही रक्कम २०१३ पर्यंत दिली. वंशावळ न्यायालयाने तपासली म्हणजे काय होतं, हे बघायला तो निकाल उत्तम.

बाकीच्यांना मानापलीकडे काही नाही. १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणे राजेशाही किंवा सरदारकीचा किताब देणारा कायदा करता येत नाही.

बनावट कागद ओळखायचे कसे?

आधी गाजलेलं प्रकरण जाणून घ्या. नेग्रोस बेटावरच्या होसे मार्कोने १९१४ मध्ये सरकारी ग्रंथालयाला काही 'प्राचीन' हस्तलिखितं दिली. त्यांत १४३३ ची म्हणवली जाणारी कालांतियाव संहिता होती. ती शाळेच्या पुस्तकांत गेली, तिच्या नावाने सरकारी सन्मानही निघाला. विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६८ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की मार्कोच्या आधी या संहितेचा कुठेच मागमूस नाही. तरी राष्ट्रीय इतिहास संस्थेने ती अधिकृतपणे बनावट ठरवायला २००४ उजाडलं.

वंशावळींतला असाच संशयास्पद कागद म्हणजे १५८९ ची तारीख घातलेलं फेर्नांदो मालांग बालागतासचं मृत्युपत्र. त्यात जावातल्या मजापाहित साम्राज्याच्या सम्राटापासून थेट लाकानदुलाच्या गोतावळ्यापर्यंत सगळे राजे एका झाडावर आणून बसवलेत. सगळे थोर पुरुष एकमेकांचे नातलग निघाले की समजावं, कोणीतरी सोय बघितली आहे. आणि अख्ख्या द्वीपसमूहावर राज्य करणारं, टनावारी सोनं बाळगणारं 'ताल्यानो' राजघराणं? इंटरनेटवर त्याचं पीक जोरात आहे, पण एकही जुना कागद त्याला दुजोरा देत नाही.

तपासायची रीत साधीच आहे. हा कागद पहिल्यांदा कोणी, कधी पाहिला? ज्या साली लिहिला म्हणतात त्या सालच्या इतर कागदांत त्याचा उल्लेख आहे का? त्यातून फायदा कोणाचा होत होता?

राजा, लाकान, दायांग... म्हणजे ही घराणी मूळची भारतीय?

राजा, सेनापती, नायक हे शब्द जावा-सुमात्रा आणि मलय जगातून व्यापाराबरोबर पोचले. लाकान आणि दायांग तर संस्कृत शब्दच नाहीत. शब्द गेला म्हणून माणूस गेला असं होत नाही. सेबूचं राजघराणं चोळांच्या वंशातल्या श्री लुमायपासून सुरू झालं ही गोष्ट आपल्याकडे छातीठोकपणे सांगितली जाते. तिचा आधार विसाव्या शतकात पुढे आलेलं एक सेबुआनो काव्य. चोळांच्या शिलालेखांत त्याचा पत्ता नाही आणि पिगाफेत्ताच्या वृत्तान्तातही नाही.

डीएनए चाचणीने सिद्ध होईल का?

चुलत-मावस नातं जुळवायला मदत होते. दातूपद रक्तात दिसत नाही.

स्पॅनिश येत नाही, पुण्या-मुंबईत बसून सुरुवात करता येईल?

येईल. घरच्या आठवणींपासून आणि फिलिपिन्सच्या सांख्यिकी विभागाच्या दाखल्यांपासून सुरू करा. सध्याचा नागरी नोंदणीचा कायदा १९३० चा आहे आणि १९३१ पासून लागू झाला, त्याआधीचं बरंचसं चर्चमध्येच. गाव पक्कं झालं की त्या गावच्या वह्या 'फॅमिलीसर्च' वर पाहा. नोंदी साच्यातल्या असतात. तीस-चाळीस स्पॅनिश शब्द आणि नेहमीची संक्षेपं जमली की एकोणिसाव्या शतकातली पानं वाचता येतात. सतराव्या शतकातलं जोडाक्षरी, न थांबता लिहिलेलं हस्ताक्षर हा वेगळा अभ्यास आहे. मोडी शिकलेल्यांना त्याची भीती कमी वाटते, असा माझा अनुभव.

शोधताना एकाच वर्णलेखनावर अडून राहू नका. आज क ने लिहिलेलं नाव स्पॅनिश कागदात सी, क्यू किंवा के यांपैकी कशानेही येतं, व च्या जागी यू आणि ओ येतात, लाकानदुलाचा कधी लाकानदोला होतो. प्रत्येक नावाची चार-पाच रूपं आधी वहीत लिहून ठेवा, त्यापुढे गाव, बारांगाय आणि साल यांचे रकाने आखा, आणि ज्या कागदात नाव सापडेल त्यातली मागणी शेवटच्या रकान्यात लिहा.